हल्याळच्या वाटेवरील कवंदी

बेळगावहून खानापूर आणि नंदगड मागे टाकून हल्याळकडे निघालात, की उसाची शेते हळूहळू विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागवानाचे रान सुरू होते. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, तेथे गाडी थांबवून पाय मोकळे करावेत. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन-अडीच तास एका जागी बसून राहू नये. जिल्हा कारवारचा, राज्य कर्नाटकाचे, परंतु हल्याळच्या बाजारात तुमची मराठी सहज चालते. माघातील कोवळ्या उन्हात गेलात, तर गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये कुंपणांवर वाळत घातलेली एक वस्तू तुमचे लक्ष वेधून घेईल. लाल, पिवळ्या, जांभळ्या चिंध्यांचे चौकोन जोडून केलेली ती गोधडी असते. येथे तिला कवंदी म्हणतात आणि ती शिवणाऱ्या स्त्रिया सिद्दी समाजाच्या असतात.

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पोर्तुगीजांनी व इतर व्यापाऱ्यांनी त्यांतील अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरवले. काही पळून आले, काही मुक्त झाले आणि घाटावरच्या या रानांत वसले. आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरातील बोली कोकणीच्या वळणाची असून तिच्यात मराठी आणि कन्नड शब्द मिसळलेले आहेत. येथील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. हे सांगण्याचे कारण इतकेच, की कवंदी ही हौसेतून जन्मलेली कला नव्हे. नवे पांघरूण विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांनी फाटक्या कपड्यांतून थंडी निवारण्याचा काढलेला तो मार्ग आहे.

तिची रीत पाहण्यासारखी आहे. जुनी सुती साडी जमिनीवर अंथरतात. तिच्या एका कोपऱ्यापासून काम सुरू होते. चिंधीची कड आत मुडपायची, ती साडीवर ठेवायची आणि धावदोरा घालत पुढे सरकायचे. कडेची रांग पूर्ण झाली की तिला लागून आतली रांग. असे फिरत फिरत शिवण मध्यभागी येते आणि तेथे कवंदी संपते. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा लावायचा, हे आधी ठरलेले नसते. ते हात आणि डोळे त्या क्षणी ठरवतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण शिवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. उपयोगाच्या दृष्टीने त्यांची काही गरज नाही. तरीही फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी दिसते, असे या बायका मानतात. ज्या घरात चिंधीसुद्धा वाया घालवणे परवडत नाही, त्या घरातही या चार कोपऱ्यांसाठी कापड निघते, याचे मला फार अप्रूप वाटले.

एका अंगणात मी दोन तास बसले होते. आजींचे वय सत्तरीच्या पुढे असावे. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू मला बसल्या जागेवरून दिसत होता आणि अंगठ्याचे मूळ संधिवाताने फुगलेले होते. दवाखान्यात अशा रुग्णाला आपण सुईचे काम बंद करायला सांगतो. येथे तसे कोणी सांगितलेले दिसले नाही. नातीने सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आठ-दहा सुयांमध्ये दोरा ओवून त्या जुन्या साडीच्या पदराला ओळीने टोचून ठेवल्या होत्या. एक दोरा संपला की आजी दुसरी सुई घेत. रिकामी सुई त्याच पदराला परत टोचत. ऊन सरकले की सून येऊन चटई सरकवून देई. आजींचे टाके लांब आणि वाकडे पडत होते. त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. ती कवंदी धाकट्या नातवासाठी होती, त्याची जुनी विरली होती आणि थंडी अद्याप संपली नव्हती.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आपण आपल्या घरातील वृद्धांवर प्रेम करतो आणि त्या प्रेमापोटी त्यांच्या हातातील एकेक काम काढून घेतो. ‘आता आराम करा’ हे वाक्य मी दिवसातून अनेकदा ऐकते. माझा दवाखाना गडहिंग्लजच्या बाजूला आहे. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. एके काळी घराघरांत वाकळ होती. आता गाद्या आणि दुकानातील ब्लँकेटे आली, जुनी लुगडी बोहारणीच्या पाटीत जाऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले. डबे चांगलेच आहेत. मात्र त्या लुगड्यांबरोबर घरातल्या म्हातारीचे एक कामही गेले.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देते. वय ७८, मधुमेह, पतीचे निधन होऊन काही महिने झालेले. बोटाला सुई लागली तर जखम चिघळेल, या भीतीने सुनेने सुई-दोऱ्याचा डबा कपाटात ठेवला होता. भीती अनाठायी नव्हती. आजी मात्र अंथरुणाला खिळल्यासारख्या झाल्या. भूक नाही, बोलणे नाही. अशा वेळी नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि दृष्टी या सर्वांची तपासणी आधी करावी लागते, तशी ती केली आणि औषधेही सुरू केली. त्यानंतर घरात नातसून गरोदर असल्याचे कळले, तेव्हा मी सुनेला म्हटले, बाळासाठी दुपटी लागणारच आहेत, ती आजींकडेच मागा. पतीच्या मऊ पडलेल्या धोतरांची चार दुपटी आजींनी दोन महिन्यांत शिवली. त्या संध्याकाळी अजूनही रडतात. पण सकाळी उठून खिडकीपाशी बसतात आणि कोणते धोतर कधी घेतले होते, हे शेजारी बसणाऱ्याला सांगतात.

शिवणकामाने स्मृतिभ्रंश टळतो किंवा रक्तातील साखर उतरते, असे मी म्हणणार नाही. माझे निरीक्षण मर्यादित आहे. केवळ वेळ जावा म्हणून हाती दिलेले काम वृद्धांना ताबडतोब ओळखू येते आणि ते ते टाकून देतात. घराला ज्या वस्तूची खरोखर वाट आहे, ते काम दुखऱ्या बोटांनीही पुरे होते. म्हणून शोभेच्या वस्तूंच्या तयार संचांवर पैसे घालवण्याऐवजी कपाटातील जुन्या साड्या बाहेर काढा आणि पांघरूण मागा.

कापड सुती आणि मऊ पडलेले घ्यावे, जाड कापडातून सुई ओढताना अंगठ्यावर ताण येतो. दुसऱ्यांकडून आलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नयेत. घरात कोणाला खरूज झालेली असेल, तर ते गाठोडे आठवडाभर बांधून बाजूला ठेवावे. दम्याच्या रुग्णाने जुने गाठोडे स्वतः झटकू नये. सुई मोठ्या नेढ्याची असावी. दोरा ओवून ठेवण्याचे काम नातवंडांना द्यावे, तो त्यांचा आणि आजीचा दिवसातला एक भेटीचा प्रसंग ठरतो. मधुमेह असलेल्यांनी अंगुस्तान वापरावे आणि काम संपल्यावर बोटे पाहावीत, कारण बधिर बोटाला टोचलेले कळत नाही. याहून मोठा धोका जमिनीवर पडलेल्या सुईचा. बधिर पायात ती रुतली तरी कळत नाही. म्हणून सुया मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. उजेड खांद्यावरून यावा. आजी पाय पसरून जमिनीवर बसतात, ती त्यांची सवय आहे. तुमच्या घरी खुर्ची आणि समोर टेबल हेच योग्य. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. टाके अचानक भलतीकडे पडू लागले, तर वयाला दोष न देता डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज सोपी झाली आहे. त्या अंगणातील आजींच्या मुलालाही मी हेच सांगून आले.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती सुई-कात्री एकटे असताना देऊ नये. पण चिंध्या रंगांनुसार वेगळ्या करणे, कडा मुडपून हाताने दाबणे ही कामे त्या पुष्कळ काळ करू शकतात. नावे विसरल्यानंतरही हाताची सवय टिकलेली असते. त्यांनी लावलेले ढीग चुकले, तर त्यांच्यासमोर पुन्हा लावू नका.

हल्याळला गेलात आणि कवंदी विकत घ्यावीशी वाटली, तर जुन्या कपड्यांचीच मागा. घासाघीस करू नका, एका कवंदीत कित्येक आठवड्यांचे टाके असतात. पहिल्यांदा ती थंड पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळी धुवा, रंग जातो. ओली झाल्यावर ती फार जड होते, तेव्हा पिळायला घरातील तरण्या माणसाला बोलवा. जमिनीवर अंथरू नका, तिच्या कडेत पाय अडकून वृद्ध पडतात. आणि आजारी, अशक्त माणसासाठी घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी ती स्वतःच्या अंगावर घेऊन वजन पाहा. ज्याला कुशीवर वळताना पांघरूण सरकवता येत नाही, त्याला एकाच साडीवर शिवलेली, पातळ कवंदीच द्यावी.