बघ्यांची गर्दी

किल्लारीच्या स्मृतिस्तंभापुढे उभं राहिलं की गर्दीचाच विचार मनात येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जनात एका तालावर चाललेली माणसं दगडमातीच्या घरांत गाढ झोपली होती, आणि भूकंप झाला.

जवळपास दहा हजार माणसं गेली.

मग राज्यभरातून हात धावून आले, आणि नुसते डोळेही. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, मदत अडली. एकेकटा माणूस हळहळतोच. घोळक्यात मात्र ‘दुसरं कुणीतरी करील’ असं वाटून त्याचे हात थांबतात. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. तरी ढिगारे उपसणारेही त्याच गर्दीतले होते.

म्हणून आज लातूर-नांदेड रस्त्यावर अपघात दिसला, तर मदत करणार असाल तरच थांबा. नाहीतर रुग्णवाहिकेला वाट द्या.