नऊ व्होल्टचा हट्ट

माझा धाकटा भाऊ पुण्यात डिलिव्हरी करतो. त्याच्या धंद्यात पेट्रोलच्या आधी फोन संपतो. दुपारी ऑर्डरी थंडावल्या की वीसेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात बॅटरी भरली तर ठीक, नाहीतर रात्रीच्या जेवणाच्या गर्दीतच फोन बंद. टपरीवरच्या चार्जरवर त्याचा फोन तापतो आणि भरतही नाही. स्वतःच्या चार्जरवर मात्र झपाट्याने भरतो. ‘‘ताई, दोन्हींवर ‘फास्ट’च लिहिलंय की!’’

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली, त्यामुळे उत्तर मीच द्यायचं.

त्याच्या फोनमध्ये चार्ज पंप आहे. यात कॉइल नसते, फक्त स्विच आणि कपॅसिटर. कपॅसिटर आधी बॅटरीच्या मागे रांगेत लावून भरायचा, मग बॅटरीला समांतर जोडून ओतायचा. सेकंदाला लाखो वेळा. आत 8 व्होल्ट आणि 2.5 अँपिअर, बाहेर 4 व्होल्ट आणि जवळपास 5 अँपिअर. केबलमधून निम्माच करंट जातो, म्हणून तिच्यातला तोटा एक चतुर्थांश.

रिकामा कपॅसिटर ठरावीक व्होल्टेजवर रोधातून भरला की निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते, असं आम्हाला शिकवलं होतं. रोध कितीही कमी करा, निम्मीच. मला ती शुद्ध लबाडी वाटायची. मग हा पंप 97-98 टक्क्यांपर्यंत कसा पोचतो? कारण त्यातला कपॅसिटर कधी रिकामा होतच नाही. भरल्या हंड्यातून पेलाभर काढायचं, पेलाभर घालायचं. तोटा व्होल्टेजच्या फरकाच्या वर्गात चालतो : फरक एक दशांश, तर प्रत्येक फेरीतला तोटा एक शतांश.

अर्थात टक्केवारी जपून वाचावी. लॅबमध्ये आमच्याकडे आयसीएल 7660 होती, +5 चे −5 व्होल्ट करणारी. डेटाशीटवर 98 टक्के. पण तिचा आतला रोध साधारण 55 ओहम. 20 मिलिअँपिअर ओढले की 1.1 व्होल्ट आतच गळतात. तेव्हापासून मी आधी करंट किती ते बघते.

फोनच्या पंपाला फक्त निम्मं करता येतं. बॅटरी 4 व्होल्टला असताना 9 व्होल्ट दिले, तर 8/9 म्हणजे 89 टक्क्यांच्या वर जाणं शक्यच नाही. बॅटरी 3.7 ला असेल तर 82. म्हणून फोन चार्जरशी बोलत राहतो : आता 8.1 दे, आता 8.12. पीपीएस नावाच्या पद्धतीत 20 मिलिव्होल्टच्या पायऱ्या असतात. टपरीवरच्या चार्जरला 5 आणि 9 एवढंच येतं. मग फोन पंप बंद करून कॉइलवाल्या जुन्या रस्त्याने जातो. 20 वॅटवर 97.5 टक्के म्हणजे अर्धा वॅट उष्णता. 90 टक्के म्हणजे दोन वॅट. मे महिन्यात, खिशात मावणाऱ्या डबीत, चौपट. तापला की फोन स्वतःच करंट कमी करतो, म्हणून ती वीस मिनिटं फुकट.

काही कंपन्यांची भाषा तर पीपीएसहूनही वेगळी. पिन सारखी, बोलणं निराळं. खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात छापतात. ‘पीपीएस, 3.3 ते 11 व्होल्ट’ ही ओळ मात्र चार्जरच्या पोटावर, राखाडीवर राखाडी, भिंग लावून वाचावी लागते.