सागरकांठचा घाटरस्ता

परदेशीं राहणाऱ्या कुटुंबाकडे आईवडील भेटीस आले म्हणजे त्यांस काय दाखवावें, ही मोठीच विवंचना असते. आम्ही कांहीं वर्षें कॅलिफोर्नियांत, सॅन होझे शहरीं राहतों. गेल्या वैशाखांत मंगळवेढ्याहून तात्या व आई आलीं, तेव्हां पॅसिफिक महासागराच्या कांठचा प्रसिद्ध रस्ता त्यांस दाखवावयाचा, असें आम्हीं आधींच ठरवून ठेविलें होतें. मंगळवेढें हें काळ्या सपाट रानाचें गांव. दृष्टि पोंचेल तेथवर ज्वारी. डोंगर जवळ नाहीं आणि समुद्र तर फारच दूर. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, सांगोल्यावरून येणारा महामार्ग गांवावरूनच सोलापुरास जातो खरा. पण त्या वाटेनें उलट समुद्राकडे जाण्याचा योग तात्यांस उभ्या जन्मांत आला नव्हता.

पहांटेस निघालों. मॉन्टेरे व कार्मेल हीं गांवें मागें पडलीं आणि रस्ता सांता लुसिया पर्वताच्या अंगाखांद्यावरून वळणें घेऊं लागला. आपल्या कोंकणांत सह्याद्रि आणि सागर यांच्यामध्यें भाताचीं खाचरें व नारळीपोफळीच्या बागा असतात. येथें तसें कांहींच नाहीं. डावीकडे उभा कडा, उजवीकडे शेंकडों फूट खालीं फेंसाळणारें पाणी, आणि मध्यें ही अरुंद वाट! त्यांतच धुकें. या समुद्राचें खोल तळाचें थंड पाणी उन्हाळ्याच्या सुमारास कांठाशीं वर येतें आणि त्यावरून वाहणारी दमट हवा गारठून तिचें धुकें होतें. तिकडे मंगळवेढें उन्हानें पोळत असतां इकडे तात्या कानटोपी घालून बसले होते.

धुकें विरलें तेव्हां डोंगरांवरचें पिवळें गवत पाहून आई म्हणाली, "हा तर कडबाच वाळत घातलेला दिसतो!" इकडे पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो, असें आम्हीं सांगितलें. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे इकडेहि पाण्याची ओढ आहेच म्हणायची." दुष्काळी मुलखांतील माणसास परमुलखांतहि आधीं पाणीच आठवतें.

पुढें बिक्सबी नांवाच्या ओढ्यावरील पूल आला. एकाच कमानीवर तोललेला हा पूल 1932 सालीं पुरा झाला. त्याची लांबी 714 फूट असून उंची 260 फुटांहून अधिक आहे. येथें आलेला प्रत्येक प्रवासी गाडी थांबवून छायाचित्रें घेतो, आम्हीहि उतरलों. तात्या कठड्याशीं पुष्कळ वेळ खालीं पाहत उभे राहिले.

"पूल सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हा बांधला कोणीं?"

"सरकारनें, तात्या."

"सरकार दगड उचलीत नसतें रे. उचलले कोणीं?"

या रस्त्यानें आम्ही दहा वेळां तरी गेलों असूं, परंतु हा प्रश्न एकदांहि मनांत आला नव्हता. त्या भागांत मोबाईल चालेना. म्हणून उत्तर तेथेंच राहिलें. समुद्रकांठच्या वाळूवर ऐशीं फुटांवरून कोसळणारा मॅकवेचा धबधबा पाहून आम्ही परतलों.

रात्रीं घरीं आल्यावर सौ.नें शोधून वाचून दाखविलें. कार्मेल ते सॅन सिमियन हा रस्ता होण्यास सुमारें अठरा वर्षें लागलीं व 1937 सालीं तो खुला झाला. कडे फोडण्याच्या कामावर सॅन क्वेंटिन तुरुंगांतील कैदीहि होते. त्यांस दिवसास 35 सेंट मजुरी व शिक्षेंत सूट मिळे. एवढें करूनहि डोंगर वश झाला नाहीं: 20 मे 1917 नव्हे, अगदीं अलीकडे 20 मे 2017 रोजीं मड क्रीक येथें दरड कोसळून रस्ता गाडला गेला, तो जुलै 2018 मध्यें पुन्हां सुरू झाला.

तात्या ऐकून स्वस्थ बसले. मग म्हणाले, "आपल्या चोखोबांचें तरी दुसरें काय झालें?"

ती कथा आम्हांस लहानपणापासून ठाऊक. 1338 सालीं मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत ढांसळली व वेठीस धरलेले चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखालीं सांपडले. नामदेवरायांनीं येऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या चोखोबांच्या म्हणून ओळखिल्या, असें परंपरा सांगते. पंढरपुरास त्यांची समाधि महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेरच झाली. आणि त्यांच्या ज्ञातीस देवळाचें दार उघडण्यास 1947 साल व साने गुरुजींचें उपोषण लागलें.

"दामाजीपंतांनीं कोठारें खुलीं केलीं, हें आपण अभिमानानें सांगतों," तात्या म्हणाले. "चोखोबांबरोबर जे मेले, त्यांचीं नांवें मात्र कोणास ठाऊक नाहींत. आपल्या वाड्याची दगडी भिंत पणजोबांनीं बांधली, असें मीच तुम्हां मुलांस सांगत आलों. पणजोबांनीं एक तरी दगड उचलल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं."

यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आईनें तेवढा दिवा मालविला.

तीं दोघें स्वदेशीं परतल्यावर आम्ही पुन्हां एकदां त्याच रस्त्यानें गेलों. पूल दिसूं लागतांच आमची आठ वर्षांची कन्या बरोबरच्या पाहुण्यांस म्हणाली, "हा कोणीं बांधला, तें मी सांगूं?" आणि तिनें सांगितलें. पाहुण्यांनीं छायाचित्रें घेतलीं, पण थोड्या वेळानें.