ऊस, पेरू आणि तेहोकोते

मेक्सिकोची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या रात्री तेथे चांगलाच गारठा पडतो. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री तेथील वस्त्यांमधून 'पोसादा' होतात. पोसादा म्हणजे उतरण्याची जागा. येशूच्या जन्माआधी मरिया व योसेफ दारोदार आसरा मागत फिरले, त्याची ही आठवण. काही माणसे दाराबाहेर उभी राहून गाण्यातून जागा मागतात, आतली माणसे गाण्यातूनच नकार देतात. शेवटी दार उघडते आणि सर्वांना एकाच मोठ्या भांड्यातले गरम 'पोंचे' मिळते. दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पोंचे म्हणजे फळांचा काढाच म्हणा ना! पाण्यात दालचिनी आणि 'पिलोन्सियो' म्हणजे तिकडचा गूळ उकळतात. मग तेहोकोते, सोललेल्या उसाच्या कांड्या, पेरू, सफरचंद, मनुका. कोणी चिंच घालते, कोणी लाल अंबाडीची सुकी बोंडे. मोठी माणसे वरून रम ओततात. आमच्या मते त्यावाचून काही अडत नाही.

तेहोकोते हे तेथल्या डोंगराळ भागातले अस्सल देशी फळ. बोराहून थोडे मोठे, पिवळसर नारिंगी. नाव नाहुआ या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, अर्थ दगडासारखे आंबट फळ. पुएब्ला राज्यात ते भरपूर पिकते. कच्चे कोणी फारसे खात नाही, पण त्याच्याशिवाय पोंचे नाही. किडीच्या भीतीने अमेरिकेने ते आणण्यास बंदी घातली होती, तेव्हा तिकडे राबायला गेलेले मेक्सिकन लोक ते लपवून नेत. ही बंदी २०१५ साली उठली.

उसाची गोष्ट मात्र वेगळी. तो तेथला नव्हे, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेला. मळ्यांवर राबले मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. पुढे मोरेलोस प्रांतात साखरेच्या मळेवाल्यांनी गावेच्या गावे जमिनीला आणि पाण्याला मुकवली. आनेनेकुइल्को गावचा एमिलियानो सापाता याविरुद्ध उभा राहिला. नोव्हेंबर १९११ मध्ये त्याने 'आयाला योजना' जाहीर करून गावांच्या जमिनी परत मागितल्या. १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका येथील मळ्याच्या वाड्यात बोलावून त्याला दग्याने गोळ्या घातल्या. आज त्याच मोरेलोसमध्ये ऊस पिकतो, आणि डिसेंबरात बाजारात कांड्यांच्या मोळ्या लागतात.

पोंचे करणाऱ्या बायका तेहोकोते आधी टाकतात, कारण ते कठीण. पेरू शेवटी, नाहीतर विरघळून जातो. मातीच्या पेल्यात फळांसकट वाढतात. रस पिऊन, फळे खाऊन झाली की उसाची कांडी उरते. ती पोरे चघळत अंगणात हिंडत राहतात.