घेणारा शोधताना

मार्च लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामानाचे फोटो यायला लागतात. राइस कुकर, पडदे, बाळाची खुर्ची, सायकल, कोतात्सू म्हणजे पोटात हीटर असलेलं बुटकं टेबल. जपानात शाळेचं आणि कंपन्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे बदल्या, घरं बदलणं, मायदेशी परतणं, सगळं मार्चमध्येच उरकायचं असतं. तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाई भागात, 2000 सालाच्या सुमारास भारतीय आयटीवाले राहायला येऊ लागले. आता मराठी घरंही बरीच झालीत आणि दरवर्षी त्यातलं एखादं बिऱ्हाड पुण्याला नाहीतर ठाण्याला परत निघतं. निघणाऱ्याला विमानाच्या तिकिटाची काळजी नसते, सोफ्याची असते.

कारण इथे सोफा टाकायला पैसे पडतात. तोक्योच्या 23 वॉर्डांत साधारण नियम असा की वस्तूची एखादी बाजू 30 सेंटिमीटरहून मोठी असली की ती रोजच्या कचऱ्यात चालत नाही, ती ‘सोदाई गोमी’, मोठा कचरा. फोनवर किंवा नेटवर आगाऊ नोंदणी करायची, कोपऱ्यावरच्या कॉम्बिनीतून, म्हणजे छोट्या दुकानातून, 200 आणि 300 येनचे स्टिकर आणायचे, त्यावर नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहायचा आणि दिलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत वस्तू खाली नेऊन ठेवायची. मार्चमध्ये तारखा भरलेल्या असतात. विमान शनिवारी आणि कचऱ्याची गाडी पुढच्या मंगळवारी, असं झालं की मग ग्रुपवर ‘प्लीज कोणीतरी घ्या’ सुरू होतं.

भंगारवाला नाही का? आहे, पण त्याच्यापासून लांब राहा असं वॉर्ड ऑफिसच सांगतं. छोटा ट्रक गल्लीतून फिरतो, कर्ण्यावर बाईचा टेप केलेला गोड आवाज: जुना टीव्ही, जुना फ्रिज, बिघडलेला असला तरी चालेल. परवाना नसलेले पुष्कळ असतात. फुकट नेतो म्हणून सामान चढवतात आणि वर चढवल्यावर भाडं मागतात. आमच्या इमारतीतल्या एका नवख्या जोडप्याला याचा प्रसाद मिळालाय. पूर्वी मात्र खराखुरा रद्दीवालाही गाडी घेऊन यायचा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे घ्यायचा आणि बदल्यात टॉयलेट पेपरचे रोल द्यायचा. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली बोहारीण आठवली, आईची जुनी साडी उन्हात धरून विरलेली जागा शोधणारी आणि त्या एका विरलेल्या जागेवरून पातेल्याऐवजी चाळणीवर सौदा आणणारी.

आपण तिकडे जुनं सामान द्यायचो ते कोणाला? कामवाल्या मावशींना, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला. टाचेला फाटलेली चादर, एक बटण तुटलेला मिक्सर. त्यांनी ते आनंदानं घ्यावं अशी आपली अपेक्षा आणि वर दिल्याचं समाधान. वस्तू नेहमी जिन्यानं खाली उतरायची. निशि-कासाईत हा जिना नाही. घासायला मावशी नाहीत, दाराशी वॉचमन नाही, जो घेणार तो तुमच्याइतकंच भाडं भरणारा. मग वस्तू घासूनपुसून, वायर गुंडाळून, सूचनापुस्तिका शोधून, ‘झाकणाला बारीक चरा आहे’ हे आधी सांगून द्यावी लागते. हे मला तिकडच्या दानशूरपणापेक्षा जास्त सभ्य वाटतं, आणि जास्त कटकटीचंही.

जपानी माणसाला फुकट काही द्यायचं म्हणजे आणखी वेगळा प्रकार. शेजारच्या आजींना आमची न वापरलेली विजेची किटली दिली. त्यांनी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या, हातात डिपार्टमेंट स्टोअरच्या कागदात बांधलेला सेम्बेचा डबा. तांदळाची एकेक पापडी वेगळ्या पाकिटात. किटलीपेक्षा डबाच महाग असणार. घेतलेल्याची परतफेड करायची ही इथली रीत, म्हणजे मी अडगळ काढली आणि भुर्दंड आजींना. त्यापेक्षा हार्ड-ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात न्यावं. तिथे किंमत फारशी येत नाही, पण कोणावर उपकारही होत नाहीत. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात निळ्या टोपल्यांमध्ये नुसता जंक असतो: रिमोट, चार्जर, एकुलते एक स्पीकर, चालण्याची हमी नाही. आमचे हे रविवारी तिथे रमतात आणि दोन रिकाम्या हातांनी गेलेले एका पिशवीसकट परततात.

मराठी घरांत मात्र परतफेडीचा प्रश्नच येत नाही, कारण वस्तू कोणाची हेच कोणाला आठवत नाही. इथली वीज 100 व्होल्टची, त्यामुळे भारतातून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही. मिक्सर आणि विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर अशी एक जोडी आमच्या भागात घरोघर फिरतेय. मधल्या भांड्याचं झाकण दुसऱ्याच कंपनीचं आहे आणि चटणी वाटताना त्यावर तळहात दाबून धरायचा, ही सूचना मिक्सरबरोबरच पुढे जाते. माझ्याकडे आलेल्या स्टीलच्या डब्यावर कुणाच्या तरी मुंजीचं नाव आणि 1987 साल कोरलेलं आहे. तो मुंजा आता पन्नाशीकडे आला असेल. त्याच्या डब्यात मी तोक्योत शेंगदाण्याचं कूट ठेवते.

सायकल मात्र अशी नुसती देऊन चालत नाही. इथे प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी असते, पोलिसांकडे क्रमांक असतो. नोंदणी रद्द करून आणि दिल्याची चिठ्ठी लिहूनच ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. नाहीतर रात्री कोणी पोलीस थांबवतो, नाव जुळत नाही, आणि आपला रंग पाहता थांबवतोच.

वस्तू संपली म्हणजे काय, याचा इथला विचार मला अजून पूर्ण उमगलेला नाही. 2020 च्या ऑलिम्पिकसाठी 2017 ते 2019 या काळात लोकांकडून जुने मोबाइल आणि छोटी उपकरणं गोळा केली. 62 लाखांवर फोन जमले आणि सुमारे 5,000 पदकांचं सोनं, चांदी, कांसं त्यातून निघालं. हा झाला हिशेबी जपान. दुसरा जपान 8 फेब्रुवारीला आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात भेटतो. मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका येतात आणि त्या टोफूच्या मोठ्या वडीत खोचतात. वर्षभर कडक कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून. आपण खंडेनवमीला कात्रीला हळदकुंकू वाहतो ती चालती कात्री असते. मोडलेलीला आपल्याकडे कोणी विचारत नाही.

यंदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी पुण्याला परतल्या. कोतात्सू गेलं, मिक्सरची जोडी पुढच्या घरी गेली, राहिला फ्रिज. फ्रिज, टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन ही चार यंत्रं सोदाई गोमीतही चालत नाहीत. 2001 पासूनच्या कायद्यानं त्यांचं रीसायकलिंग मालकाच्या खर्चानं, न्यायचं भाडं वेगळं. पोस्टात जाऊन काही हजार येन भरून आल्यावर वहिनींनी सासूबाईंना फोनवर ही हकिगत सांगितली. “टाकायला पैसे? त्यापेक्षा इकडेच घेऊन या की!” 100 व्होल्टचा फ्रिज कोथरुडात का चालणार नाही हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, “मग त्यात पुस्तकं ठेवू.”