आईची वही

संध्याकाळी बेळगावच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा निवृत्त माणसे जमतो. निधनवार्ता, गुडघ्याचे तेल, कुणाच्या सुनेने दिलेला कुंदा, असे काहीबाही चालते. बोलणे मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न मात्र टेबलावर घ्यायचा नाही. १ नोव्हेंबरला काहीजण काळा दिवस पाळतात, काही राज्योत्सवाला जातात. २ तारखेला सगळे हजर!

गेल्या वर्षी माळ्यावर आईची वही सापडली. आई धारवाडची, कानडी शाळेत शिकलेली. लिहायची मराठीच, पण कानडी अक्षरांत. मला कानडी येते ते पाट्या वाचण्यापुरते. तिचे घाईचे अक्षर लागेना. वही टेबलावर ठेवली. आमच्यातले कानडी मास्तर चष्मा पुसून वाचू लागले. तूप, गूळ, दुधाचा हिशेब. "तूप म्हणजे आमचं तुप्पच की हो," म्हणून हसले. वाचताना त्यांचा हेल थेट आईचा. मध्येच थांबले.

"तुमचंच लिहिलंय की. वाचू?"

१९६८ सालची नोंद. 'बाळूच्या कॉलेजच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. त्याला चोरीला गेल्या म्हणून सांगितले.'

भांडी घासायला येणाऱ्या बाईला तेव्हा मी तोंडावर चोर म्हटले होते. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आईने मला का अडवले नाही, की तिला हे कळलेच नव्हते?

टेबलाशी कुणी काही बोलले नाही. मास्तरांनी पान उलटले.

"पुढं लोणच्याचं आहे. सांगतो, लिहून घ्या."