कासची फुलं नक्की कुणाची?

सप्टेंबर लागला की ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकच प्लॅन शिजतो. चलो कास!

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर वर चढलात की तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग डोळ्यांत मावत नाही. पण कॅमेरा काढण्याआधी जरा पायाखाली बघा. तिथे आहे जांभा दगड आणि वर जेमतेम काही इंच माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तवा. मोठं झाड टिकणार कसं? मातीत नत्र इतकं कमी, की ‘सीतेची आसवं’ आणि ‘दवबिंदू’ या चिमुकल्या वनस्पती चक्क किडे खाऊन भागवतात!

२०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यात कासही होतं. मग काय, गर्दीला ऊत आला आणि पठाराला जाळीचं कुंपण पडलं. त्यानं पर्यटक आवरले खरे, पण गावची गुरंही बाहेरच राहिली.

इथेच खरी मेख आहे. मानवी भूगोलाचे अभ्यासक कुठल्याही सुंदर देखाव्यापुढे एक प्रश्न विचारतात: हा घडवला कुणी? कासचं अर्धं उत्तर दगड-पावसात आहे, अर्धं गुरांमागे फिरणाऱ्या माणसांत. गुरं चरायची, गवत खुरटं राहायचं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळायचं. चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं रोडावली, असं गावकरी अन् काही अभ्यासक सांगू लागले. किती चराई चांगली, यावर वाद आहेच. पण शेवटी कुंपण निघालं.

म्हणजे निसर्ग वाचवायचा तर माणूस हटवा, हा फंडा इथे चालत नाही. आजूबाजूच्या गावांची समितीच वनखात्याबरोबर पठार सांभाळते. तिकिटाच्या पैशांतून गावातल्या पोरांना हंगामात काम मिळतं. फुलं टिकली तरच हा रोजगार टिकणार, आणि गाव टिकलं तर फुलांना राखणदार!

जाताय?
कधी: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात.
बुकिंग: ऑनलाइन. रोजच्या पर्यटकांवर मर्यादा असते, म्हणून शक्यतो वीकेंड टाळा.
मस्ट: गाइड गावातलाच घ्या. फुलांची नावं तो सांगेलच. गुरं कुठे चरायची, तेही विचारा.